त्रेचाळीस तास

ही टाकी कुठल्याही एका घरातली नाही. मे महिन्यात नांदेड-लातूरकडे घरोघरच्या माशांच्या टाक्या ज्या क्रमाने मरतात, ते टप्पे एकत्र करून ती उभी केली आहे. दिवस आणि तास मात्र मुद्दाम नोंदवले आहेत. लहान माशांच्या आजारात ठिपके, डाग आणि मोबाईलवर काढलेले फोटो जे सांगत नाहीत, ते घड्याळ सांगतं, आणि घरात नेमकं त्याच्याकडेच कुणी बघत नाही.

टाकी दुकानात मिळते तीच: दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. आठ महिने जुनी. आत दोन गोल्डफिश, चार मोली, सहा गप्पी आणि काचेला तोंड लावून बसणारा एक सकर. एकूण तेरा जीव. एवढ्याशा टाकीत गोल्डफिश ठेवूच नयेत, ते वेगळ्या लेखाचं भांडण आहे. पण आठ महिने सगळे जगले होते, हे लक्षात ठेवा.

रविवार, सकाळी १० — ४३ तास बाकी

नळाला पाणी आलंय. इथे ते रोज येईलच असं नाही, त्यामुळे आल्या दिवशी पाण्याची तुंबलेली सगळी कामं निघतात. त्यात टाकीचा नंबर लागतो. "पाण्याला वास यायलाय, सगळं बदलून टाका एकदाचं," असं आतून फर्मान येतं.

मासे बादलीत जातात. सगळं पाणी मोरीत. खडे नळाखाली चोळून धुतले जातात, काचेवरचं शेवाळ निघतं आणि शेवटी फिल्टरचा काळा, चिकट स्पंज नळाच्या धारेखाली धरून पांढराशुभ्र होईपर्यंत पिळला जातो.

त्या काळ्या चिकट थरातच टाकीचा जीव होता. माशांच्या कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर पडतो, उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजून त्यात भर घालते. स्पंजवर आणि खड्यांवर वाढलेले जिवाणू त्या अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करतात. पहिल्यांत नायट्रोसोमोनास गटातले जिवाणू येतात. दुसरं काम नायट्रोबॅक्टर करतो असं शाळेच्या पुस्तकापासून सगळीकडे छापलेलं असतं, पण गोड्या पाण्याच्या टाक्यांत ते काम नायट्रोस्पायरासारखे जिवाणू करतात, हे टिमोथी होव्हानेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवून दिलं. नाव कुठलंही घ्या, ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. ती उठवायला नळाखाली पाच मिनिटं पुरली.

रविवार, सकाळी ११:३० — साडेएक्केचाळीस तास बाकी

टाकी नळाच्या पाण्याने भरते आणि मासे परत सोडले जातात.

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक सांगतं की ग्राहकाच्या नळापर्यंत लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा. आपल्या पोटासाठी तो योग्यच आहे. माशाचे कल्ले मात्र त्याहून कितीतरी कमी क्लोरीननेही भाजून निघतात. टँकरवर दिवस काढलेल्या माणसाला क्लोरीनच्या (टीसीएल) पावडरचा वास ओळखीचा असतो, त्याने ग्लास नाकाशी धरला तरी अंदाज येतो. उपायही स्वस्त आहे. दुकानात अँटी-क्लोरीन म्हणून मिळतं ते सोडियम थायोसल्फेट, जुने फोटोग्राफर त्याला हायपो म्हणत. एक मिलिग्रॅम क्लोरीन संपवायला ते साधारण सात मिलिग्रॅम लागतं. या टाकीला चिमटीतले चार स्फटिक पुरले असते.

मासे एकदम इकडून तिकडे धावू लागतात, खड्यांना अंग घासतात, एक मोली पाण्याबाहेर उडी मारते.

"बाबा, बघा की, कसे पळायलेत! खूश झालेत."

घरातल्या सगळ्यांना ते तसंच दिसतं. स्वच्छ पाणी, चकचकीत काच आणि धावणारे मासे. आठ महिन्यांत टाकी इतकी सुंदर कधीच दिसली नव्हती, म्हणून फोटोही काढले जातात.

रविवार, दुपारी ३ — ३८ तास बाकी

बाहेर पारा ४२ च्या वर. टाकीचं पाणी ३३ अंशांवर. सकाळपासून मासे उपाशी आहेत म्हणून दुप्पट खाणं पडतं. निम्मं खड्यांत जाऊन बसतं. ते साफ करायला आता तिथे कुणी नाही.

रविवार, रात्री ९ — ३२ तास बाकी

धावपळ थांबली आहे. सगळे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करतायत. सगळ्यांच्या अंगावर पांढुरकी साय धरल्यासारखी दिसते. कुणीतरी टॉर्च मारून फोटो काढतो, तो नात्यातल्या दोघा-तिघांना जातो आणि दहा मिनिटांत निदान परत येतं: बुरशी.

इथे थोडं थांबायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ या एका शब्दातून झाला आहे.

वर येऊन तोंड उघडणं ही माशाची एकमेव ओरड आहे. प्राणवायू कमी असला, अमोनिया वाढला, क्लोरीनने कल्ले भाजले, कल्ल्यांत कृमी शिरले, तरी तो हेच करतो. त्यामुळे लक्षणावरून नाव ठरवायला गेलं की हमखास फसायला होतं. त्याऐवजी दोनच गोष्टी विचाराव्यात: किती जण आजारी पडले, आणि किती वेळात.

तेराच्या तेरा मासे, वेगवेगळ्या जातींचे, एकाच दिवशी, काही तासांत बिघडले असतील तर तो संसर्ग नसतो. कुठलाही परजीवी गोल्डफिश, गप्पी आणि सकर यांच्यावर एकाच दुपारी हजर होत नाही. ते पाणी असतं.

परजीवींची चाल वेगळी. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, दुकानात ज्याला 'इक' म्हणतात, घ्या. त्याचा जीव, इक्थिऑफ्थिरियस, माशाच्या कातडीखाली बसून मोठा होतो, मग गळून तळाशी जातो, तिथे कोशात फुटून त्याची शेकडो पिल्लं होतात आणि ती नवा मासा शोधत पोहतात. दोनेक दिवसांत मासा मिळाला नाही तर मरतात. पाणी २५ अंशांच्या आसपास असेल तर ही फेरी तीन ते सहा दिवसांत पूर्ण होते. म्हणून ठिपके आधी एका माशावर दोन-चार दिसतात, मग काही दिवसांनी सगळ्यांवर. औषध लागू पडतं ते फक्त मोकळ्या पोहणाऱ्या पिल्लांना. कातडीखालच्याला आणि कोशातल्याला ते शिवतही नाही. त्यामुळे एकदा औषध टाकून ठिपके गेले म्हणून हात झटकणाऱ्याच्या टाकीत आठवड्याने रोग परत येतो. शिवाय नांदेडच्या मे महिन्यात हा रोग फारसा होतच नाही. ३० अंशांच्या वर त्याची वाढ खुंटते. त्याचा हंगाम डिसेंबर-जानेवारी, जेव्हा रात्री गारठतात आणि टाकीत हीटर नसतो.

आतड्याचे किंवा मूत्रपिंडाचे आजार त्याहून सावकाश येतात. पोट फुगतं, खवले उभे राहतात, मासा फणसासारखा दिसू लागतो. हे एकाचंच होतं, आणि तोवर बहुधा उशीर झालेला असतो. माशांचा क्षय तर महिनोन्‌महिने चालतो: मासा खातो तरी खंगत जातो, पाठ वाकते. त्याचा जिवाणू, मायकोबॅक्टेरियम मरिनम, जोसेफ अ‍ॅरॉन्सन यांनी १९२६ मध्ये फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातल्या मेलेल्या माशांतून ओळखला. तो माणसाच्या हातावरच्या जखमेतूनही शिरतो आणि महिनोन्‌महिने न बरी होणारी गाठ देतो. बोटाला चीर असताना टाकीत हात घालू नये, हे सांगायची जागा हीच.

घड्याळाच्या या नियमाला एक अपवाद आहे आणि तो नेमका उन्हाळ्यातला आहे. कॉलम्नॅरिस. हाही जिवाणूच. तोंडाच्या कडेला किंवा पाठीवर पराच्या बुडाशी राखाडी-पांढरा पट्टा उमटतो, कापूस लागल्यागत दिसतो, म्हणून त्यालाही सर्रास बुरशी म्हणतात. गरम पाण्यात तो एक-दोन दिवसांत मासा संपवू शकतो. पण तोही एका-दोघांपासून सुरू होतो आणि त्याच्या डागाला जागा असते, कड असते. आपल्या टाकीतली साय सगळ्यांच्या सगळ्या अंगावर आहे. भाजलेल्या कातडीने स्वतःला वाचवायला सोडलेला तो बुळबुळीत थर आहे. खरी बुरशी थंड पाण्यात आणि जुन्या जखमेवर धरते. ३३ अंशांच्या पाण्यात ती बारा तासांत तेरा माशांवर कुठून येणार?

सोमवार, सकाळी १० — १९ तास बाकी

एक लहान मोली आणि दोन गप्पी मेले. घरातला मोठा दुकानात जातो.

"दादा, मासे वरी वरी यायलेत. तीन मेले."

"अंगावर काही दिसायलंय का?"

"पांढरं पांढरं."

"बुरशी. निळं घेऊन जा, आणि मूठभर खडेमीठ टाका."

पाणी कधी बदललं, किती बदललं, स्पंज कसा धुतला, हे विचारलं गेलं नाही. दुकानदाराला दोष देऊन उपयोग नाही. गिऱ्हाईक औषध मागायला आलेलं असतं, आणि 'औषध टाकू नका, पाणी घाला' म्हणणाऱ्या दुकानात ते परत येत नाही.

माणसाच्या डॉक्टरशी तुलना करण्याचा मोह होतो, पण इथे परिस्थितीच निराळी आहे. वीस रुपयांच्या गप्पीसाठी कुणी सूक्ष्मदर्शक काढत नाही. तरी या भागात माशांचे रोग शिकवणारी जागा आहे. लातूर जिल्ह्यात उदगीरला मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे, महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं. ज्यांचं शेततळं आहे त्यांना ते माहीत असतं, ज्यांच्या दिवाणखान्यात टाकी आहे त्यांना बहुधा नसतं.

सोमवार, सकाळी ११:३० — साडेसतरा तास बाकी

निळं औषध म्हणजे मेथिलिन ब्ल्यू. हाइन्रिख कारो यांनी ते १८७६ मध्ये कापड रंगवायला तयार केलं, आणि योगायोग असा की इकच्या परजीवीला शास्त्रीय नाव मिळालं तेही १८७६ मध्येच, फुके यांच्याकडून. पुढे हाच रंग हिवतापावरही वापरून पाहिला गेला. माशांच्या अंड्यांवरची बुरशी रोखायला ते आजही चांगलं आहे, पण वेगळ्या भांड्यात.

मुख्य टाकीत त्याचे दोन तोटे. स्पंजवर जे काही जिवाणू वाचले असतील त्यांनाही ते मारतं. आणि पाणी इतकं निळं होतं की कल्ल्यांचा रंग, श्वासाची गती, अंगावरचा डाग, काहीच दिसत नाही. निदान करायची खिडकीच बंद होते. बाजारात अमोनिया तपासायचे थेंब मिळतात, त्यांचा हिरवा-पिवळा रंगही निळ्या पाण्यात वाचता येत नाही.

मात्रा ठरवायला टाकी किती लिटरची, हे हवं. "शंभर तरी असेल." एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर, म्हणजे ही टाकी काचेसकट साडेछप्पन लिटरची. खडे आणि वरची मोकळी जागा वजा केली तर ४५. औषध दुप्पट पडलं. मीठ मुठीने पडलं, आणि मूठ कुणाची हे बाटलीवर लिहिलेलं नसतं.

सोमवार, दुपारी ४ — १३ तास बाकी

एका व्हिडिओत सांगितलंय: पाण्याचं तापमान ३० अंशांपर्यंत वाढवा. घरात हीटर नाही, हे नशीब. पाणी आधीच ३३ आहे. तो सल्ला इकसाठी, थंड गावातल्या टाकीसाठी दिलेला होता.

सोमवार, रात्री ८ — ९ तास बाकी

आणखी एक गप्पी तळाशी.

समजा, या घडीला कुणी अमोनिया मोजला असता आणि तो लिटरमागे दोन मिलिग्रॅम निघाला असता. हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, एक विषारी, एक जवळजवळ निरुपद्रवी, आणि त्यांचं प्रमाण पीएच आणि तापमानावर ठरतं. ३० अंशांच्या पाण्यात पीएच ७ असेल तर विषारी वाटा एक टक्क्याहूनही कमी, ८ असेल तर साडेसात टक्क्यांच्या आसपास. म्हणजे तेच दोन मिलिग्रॅम एका गावात ०.०१६ आणि दुसऱ्या गावात ०.१५. कल्ल्यांची हानी ०.०५ च्या आसपास सुरू होते. मराठवाड्यातलं पाणी काळ्या खडकातून येतं, ते जड आणि बहुधा अल्कधर्मी असतं. पुस्तकात दोन मिलिग्रॅमवर तग धरणारा मासा इथे तग धरत नाही, तो त्यामुळे.

परतीची वाट अजून उघडी होती. निम्मं पाणी काढा, निम्मं चांगलं पाणी घाला, खाणं बंद करा, हवेची मोटर जोरात चालवा. एवढ्याने आठ-नऊ मासे वाचले असते.

आणि चांगलं पाणी घरातच होतं. न्हाणीघरात दोनशे लिटरचा निळा ड्रम आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातुरात आणि आसपास ड्रम नसलेलं घर विरळाच. उघड्या ड्रममध्ये एक-दोन दिवस उभ्या राहिलेल्या पाण्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो. म्हणजे साठवणीच्या सवयीने या भागातल्या प्रत्येक घरात माशांसाठी औषध आधीच भरून ठेवलेलं आहे. हिवताप विभागाचे लोक डासांच्या अळ्या खायला हौदांत गप्पी सोडतात, ते फिल्टरशिवाय, औषधाशिवाय पिढ्यान्‌पिढ्या जगतात. मोठा हौद, मोजके मासे, वरून खाणं नाही, आणि कुणी हौद घासून कोरा करत नाही. दिवाणखान्यातल्या गप्पीला याच्या नेमकं उलट मिळतं, वर लाड.

सोमवार, रात्री ११ — ६ तास बाकी

वादळी वारं सुटतं, लाइट जाते. हवेची मोटर बंद.

२० अंशांच्या पाण्यात लिटरमागे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३३ अंशांत सव्वासातच्या आसपास. तोही वरून हलवत ठेवला तर. खड्यांत कुजणारं खाणं त्यातला वाटा घेतं. आणि भाजलेल्या कल्ल्यांना आहे तोही पुरता ओढता येत नाही.

मग हाताने काम करावं लागतं: मगाने पाणी उचलायचं, वीतभर उंचीवरून परत ओतायचं, दर दहा-पंधरा मिनिटांनी. बॅटरीवरची छोटी मोटर दुकानात मिळते आणि कुठल्याही औषधाच्या बाटलीपेक्षा ती आधी घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. पण रात्री अंधारात, उकाड्यात, गच्चीवर झोपायला गेलेल्या घराला हे कोण सांगणार.

मंगळवार, पहाटे २ — ३ तास बाकी

दोन्ही गोल्डफिश गेले.

मरणाचा क्रम हा एक अहवाल असतो. विषाने आधी लहान मासे मरतात, प्राणवायू संपला की आधी मोठे. सोमवारी सकाळी मोली आणि गप्पी, म्हणजे विष. पहाटे गोल्डफिश, म्हणजे हवा. तळ्यातल्या मत्स्यशेतीत हा ठोकताळा जुना आहे, आणि तळ्यातही मासे मरतात ते बहुधा पहाटेच, रात्रभर प्राणवायू वापरला गेल्यावर. एका टाकीत दोन कारणं एकापाठोपाठ आली, आणि घरात दोन्हींचं नाव बुरशी राहिलं.

मंगळवार, पहाटे ५ — शून्य

पाण्याच्या अगदी वरच्या थरातली हवा ओढत राहिलेला शेवटचा गप्पी थांबला. लाइट पावणेपाचला आली होती.

मंगळवार, सकाळी ७

निळ्या पाण्यातून बारा मासे निघाले. एखाद्याचा कल्ल्यावरचा पडदा उचलून पाहिला असता तर थोडं कळलं असतं. निरोगी कल्ले लाल असतात. तपकिरी दिसले तर नायट्राइट, पण या टाकीत गोष्ट नायट्राइटपर्यंत पोचलीच नाही. त्यासाठी आधी अमोनिया खाणारे जिवाणू लागतात. तासाभरापूर्वी मेलेल्या माशाचं उन्हाळ्यात काही सांगता येत नाही, तपासणीसाठी द्यायचा तर शेवटच्या घटका मोजणारा मासा, त्याच टाकीच्या पाण्यात.

सकर जिवंत आहे. तो वर येऊन हवा गिळतो आणि पोटातून ती शोषतो, म्हणून वाचला. आता घरात एक मत असं निघतं की त्याला गोदावरीत सोडून द्यावं, तेवढंच पुण्य. ते करू नये. मूळचा दक्षिण अमेरिकेतला हा मासा असाच सोडला जाऊन देशातल्या कितीतरी नद्या-तळ्यांत पसरला आहे. कोळ्यांची जाळी फाडतो आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही.

त्याला ड्रमच्या पाण्याने भरलेल्या बादलीत ठेवा. टाकीतलं निळं पाणी काढा, ड्रममधलंच पाणी भरा, आणि सकर परत सोडा. स्पंज यापुढे धुवायचा तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, दोनदा हलक्या हाताने पिळून. ओळखीच्या कुणाकडे जुनी, निरोगी टाकी असेल तर त्यांच्या स्पंजचा काळा तुकडा मागून आणा. बाजारातल्या बाटलीपेक्षा तो भरवशाचा. एकट्या सकरला पालकाचं उकडलेलं पान किंवा दुधी-काकडीची चकती दिवसाआड पुरते, उरलेलं संध्याकाळी काढून टाकायचं. दर आठवड्याला पाव पाणी बदलायचं, त्याहून जास्त नको. दुकानात नवे गप्पी कितीही छान दिसले तरी पहिली जोडी जुलैच्या आत आणू नका.